हंटर, मुखवटा आणि नादिया

शाळेत छडी उगारणाऱ्या कडक बाई असोत, कचेरीत हाताखालच्या मंडळींना धाकात ठेवणाऱ्या साहेबीणबाई असोत किंवा चाळीतल्या भांडणात पदर खोचून पुढे सरसावणारी एखादी काकू असो, अशा स्त्रीला मराठी माणूस आजही सहज हंटरवाली म्हणून मोकळा होतो. हा शब्द घरोघरी पोहोचला तो एका चित्रपटामुळे, आणि त्या चित्रपटाची नायिका दूरच्या ऑस्ट्रेलियात जन्मली होती, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते. १९३५ च्या जून महिन्यात मुंबईच्या ग्रँट रोडवरील सुपर सिनेमात ‘हंटरवाली’ झळकला. डोळ्यांवर काळा मुखवटा, खांद्यावरून मागे सोडलेले वस्त्र, गुडघ्यापर्यंतचे बूट, तोकडी विजार आणि हातात चाबूक अशा वेशातली एक निळ्या डोळ्यांची तरुणी घोड्यावरून दौडत पडद्यावर आली आणि पिटातले प्रेक्षक वेडावून गेले. तिचे नाव नादिया.

आज सुपरहिरोंच्या चित्रपटांचा जमाना आहे. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वूमन ही नावे शहरांतल्या मुलांना पाठ असतात. हे सारे अमेरिकेतून आले, असेही आपण गृहीत धरलेले असते. पण तारखा मांडून पाहिल्या की वेगळेच चित्र दिसते. मुखवटा आणि घट्ट पोशाख घातलेला फँटम वृत्तपत्रांतल्या चित्रमालिकेत अवतरला तो १९३६ मध्ये. सुपरमॅन १९३८ मध्ये आला, बॅटमॅन १९३९ मध्ये आणि वंडर वूमन १९४१ मध्ये. म्हणजे या सगळ्यांच्या आधी मुंबईच्या पडद्यावर मुखवटाधारी, दुहेरी आयुष्य जगणारी, दुर्बळांची कैवारी अशी एक नायिका अवतरली होती. तिला आकाशात उडता येत नव्हते आणि तिच्याजवळ कोणतीही दैवी शक्ती नव्हती. पण सुपरहिरोचे बाकीचे जवळजवळ सगळे गुण तिच्यात होते आणि मुख्य म्हणजे ती स्त्री होती.

पर्थ ते पेशावर

नादियाचे मूळ नाव मेरी अॅन इव्हान्स. तिचा जन्म ८ जानेवारी १९०८ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. वडील ब्रिटिश सैन्यात, आई ग्रीक वंशाची. मेरी लहान असतानाच हे कुटुंब मुंबईत आले. पहिल्या महायुद्धाने वडिलांचा बळी घेतला आणि मायलेकी परक्या देशात उघड्या पडल्या. पुढे काही वर्षे त्यांचे वास्तव्य वायव्य सरहद्दीवरील पेशावरला होते. पडद्यावरची हंटरवाली खऱ्या अर्थाने घडली ती तिथे. घोडेस्वारी, शिकार, नेमबाजी, मासेमारी या गोष्टी मेरी त्या डोंगराळ मुलखात शिकली. पुढे चित्रपटात घोड्यावर तिचा तोल कधी ढळला नाही, याचे श्रेय पेशावरच्या त्या दिवसांना द्यायला हवे.

१९२८ च्या सुमारास ती मुंबईला परतली तेव्हा तिच्यापुढे उदरनिर्वाहाचा प्रश्न होता. पदरी एक लहान मुलगा होता. काळा घोडा येथील आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समध्ये तिने विक्रेतीचे काम केले. मग मादाम अॅस्ट्रोव्हा या रशियन नर्तिकेकडे ती बॅले शिकली आणि त्यांच्या पथकाबरोबर देशभर हिंडली. काही काळ तिने सर्कशीतही काम केले. याच काळात एका आर्मेनियन ज्योतिषिणीने तिला न या अक्षरापासून सुरू होणारे नाव घेण्याचा सल्ला दिला, आणि मेरीची नादिया झाली. नाचणारी, गाणारी, कसरती करणारी आणि घोड्यावर मांड ठोकणारी ही मुलगी सिनेमाच्या दारात आली, तेव्हा पंचविशी ओलांडलेली आणि बरेच उन्हाळे-पावसाळे पाहिलेली होती.

जहाजे बांधणाऱ्यांचे वारस

तिला सिनेमात आणणारे वाडिया बंधू हेही आपल्या परीने बंडखोरच होते. मुंबईत ब्रिटिश आरमारासाठी जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध लवजी वाडिया घराण्याचे ते वंशज. थोरले जमशेद, म्हणजे जे. बी. एच. वाडिया, यांचा जन्म १९०१ चा. ते कायद्याचे पदवीधर, साहित्याचे अभ्यासक, राजकीयदृष्ट्या जागरूक, राष्ट्रीय चळवळीबद्दल आस्था असणारे आणि पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळलेले. अशा माणसाने वकिली सोडून सिनेमा काढावा, तोही मारामारीचा, ही गोष्ट घरच्यांना आणि पारशी समाजाला रुचणारी नव्हती. धाकटे होमी १९११ चे. त्यांचा ओढा कॅमेरा आणि संकलनाकडे, म्हणजे चित्रपटाच्या तंत्राकडे होता. १९३३ मध्ये भागीदारांच्या साहाय्याने दोघांनी वाडिया मुव्हीटोन ही संस्था काढली. परळच्या लवजी कॅसल या वडिलोपार्जित वाड्यात स्टुडिओ उभा राहिला. संस्थेच्या बोधचिन्हावर जहाज होते, ते पूर्वजांच्या आठवणीदाखल.

जमशेद वाडिया मूकपटांच्या काळापासून अमेरिकी साहसपटांचे चाहते होते. डग्लस फेअरबँक्सच्या ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९२०) या मूकपटाने त्यांना भारून टाकले होते. त्या चित्रपटाच्या भारतातील प्रदर्शनाचे हक्कही त्यांनी मिळवले होते. दिवसा सुखासीन सरदारपुत्र आणि रात्री मुखवटा घालून जुलमी सत्ताधाऱ्यांना धडा शिकवणारा वीर, अशी झोरोची दुहेरी भूमिका. पुढे बॅटमॅनचा जन्मदाता बॉब केन यानेही झोरोचे ऋण मान्य केले. म्हणजे बॅटमॅन आणि हंटरवाली ही एकाच घरातली भावंडे ठरतात आणि त्यांत थोरली बहीण मुंबईची आहे. झोरोच्या जागी स्त्रीला उभे करण्याचे धाडस वाडिया बंधूंनी केले, तेही बोलपट येऊन चार वर्षे होत असताना.

नादिया जमशेद यांना भेटली तेव्हा त्यांच्यापुढे अडचण होती ती तिच्या रूपाची. सोनेरी केस, निळे डोळे, धिप्पाड बांधा आणि मोडकेतोडके हिंदुस्थानी असलेली ही बाई भारतीय नायिका म्हणून प्रेक्षक स्वीकारतील का? त्यांनी सुचवले की तिने नंदादेवी असे नाव घ्यावे आणि काळ्या केसांचा, लांब वेणीचा टोप घालावा. नादियाने दोन्ही सूचना फेटाळल्या. अशा टोपात आपण हास्यास्पद दिसू, असे तिचे म्हणणे होते. नाव बदलणे करारात नव्हते. शिवाय वाडिया आणि नादिया यांचे यमक छान जुळते, हेही तिने त्यांच्या नजरेस आणून दिले. एरवी अशा उत्तराने संधी हुकली असती. जमशेद यांना मात्र हा बाणेदारपणा आवडला. ‘देश दीपक’मध्ये तिला गुलाम मुलीची छोटी भूमिका मिळाली आणि ‘नूर-ए-यमन’मध्ये राजकन्येची. या दोन चित्रपटांत प्रेक्षकांचा कौल दिसला आणि मग खास तिच्यासाठी कथा लिहिली गेली.

मुखवट्यामागची राजकन्या

‘हंटरवाली’ची कथा साधी आहे. राजाला कैदेत टाकून राज्य बळकावणारा दुष्ट प्रधान राणामल, आणि राजकन्या माधुरी. प्रजेवर होणारा जुलूम पाहून ही राजकन्या मुखवटा चढवते, हंटरवाली होते, धनिकांना लुटून गोरगरिबांना वाटते आणि शेवटी दुष्टांचे पारिपत्य करते. लेखन जमशेद यांचे होते, दिग्दर्शन चोविशीतल्या होमी यांचे. जसवंतच्या भूमिकेत बोमन श्रॉफ होते.

चित्रपट पुरा व्हायला सुमारे सहा महिने लागले आणि खर्च 80,000 रुपयांच्या घरात गेला. त्या काळच्या मारधाडपटासाठी ही रक्कम डोळे विस्फारणारी होती. आज सुपरहिरो इमारतीवरून झेप घेतो तेव्हा तारा, जाळ्या, संगणक आणि बदली कलाकारांचा ताफा त्याच्या मागे उभा असतो. नादियाजवळ यांतले काही नव्हते. छपरावरून उडी मारायची म्हणजे खरोखर मारायची, धावत्या घोड्यावरून लढायचे म्हणजे खरोखर लढायचे. ती आपली साहसदृश्ये स्वतःच करीत असे आणि लागले-खुपले तर पुन्हा उभी राहत असे. पेशावरची घोडेस्वारी, बॅलेतला तोल आणि सर्कशीतली कसरत अशी आयुष्यभराची पुंजी तिने या भूमिकेत ओतली. तिच्या परदेशी उच्चारांमुळे संवाद मोजके ठेवले गेले आणि कथा शरीराच्या भाषेत सांगितली गेली. या मर्यादेतूनच चित्रपटाला वेग आला.

चित्रपट तयार झाला आणि तो घ्यायला वितरक पुढे येईनात. तोकड्या कपड्यांतली, पुरुषांना चाबकाने फोडून काढणारी गोरी नायिका पाहून ते धास्तावले. अखेर वाडिया बंधू आणि त्यांचे भागीदार मंचेरशा बिलिमोरिया यांनी स्वतःच्या पैशाने तो प्रदर्शित केला. सुपर सिनेमात तो पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. आज सुपरहिरोच्या चित्रपटाबरोबर बाहुल्या, दप्तरे, टी-शर्ट बाजारात येतात आणि निर्माते त्यावर कोट्यवधी कमावतात. १९३५ मध्ये हंटरवालीच्या नावाने चाबूक, पट्टे आणि काड्यापेट्या बाजारात आल्या. फरक एवढाच की निर्मात्यांना विचारायला कुणी आले नाही आणि त्याचा छदामही त्यांना मिळाला नाही.

या यशाचे मर्म काय होते? लवजी कॅसलच्या आसपास गिरण्यांचा पट्टा पसरलेला. दिवसभर साच्यावर राबणारा कामगार संध्याकाळी चार आण्यांत पिटात बसे. त्याच्या आयुष्यात मुकादम होता, सावकार होता, आणि सर्वांच्या वर इंग्रज सरकार होते. पडद्यावर राणामलच्या पाठीवर चाबूक कडाडला की त्याला त्यात कोण दिसत असेल, हे सांगायला नको. सेन्सॉरची कात्री परकीय सत्तेच्या हाती होती. स्वातंत्र्याचे नाव घेणे अवघड होते, पण काल्पनिक राज्यातल्या जुलमी प्रधानाला शिक्षा करायला मनाई नव्हती. जमशेद वाडियांनी ही फट नेमकी हेरली. यातला विरोधाभास असा की चाबूक हे गोऱ्या साहेबाच्या सत्तेचे चिन्ह, आणि तो इथे गोऱ्याच स्त्रीच्या हाती दुर्बळांच्या बाजूने चालत होता. प्रेक्षकांनी तिच्या रंगाकडे पाहिले नाही. ती आपल्या बाजूने लढते आहे, एवढे त्यांना पुरेसे होते.

आगगाडीच्या टपावरची बाई

‘हंटरवाली’नंतर नादियाच्या नावामागे फिअरलेस हे बिरुद कायमचे चिकटले. १९३६ मध्ये ‘मिस फ्रंटियर मेल’ आला. त्यात धावत्या आगगाडीच्या टपावर ती गुंडांशी लढली आणि एकेकाला उचलून फेकून दिले. धट्ट्याकट्ट्या पुरुषाला खांद्यावर तोलून उभी असलेली नादिया ही तिची ओळख झाली. ‘लुटारू ललना’ (१९३८), ‘पंजाब मेल’ (१९३९), ‘डायमंड क्वीन’ (१९४०), ‘बंबईवाली’ (१९४१) अशी रांगच लागली. ‘जंगल प्रिन्सेस’मध्ये (१९४२) तिने खऱ्याखुऱ्या सिंहांबरोबर प्रसंग केले. नायक म्हणून बहुधा शरीरसौष्ठवपटू जॉन कावस असे. पंजाब का बेटा हा घोडा आणि रोल्स रॉइस की बेटी ही खटारा मोटार याही तिच्या चित्रपटांतल्या लाडक्या व्यक्तिरेखा झाल्या.

या चित्रपटांत केवळ मारामारी नव्हती. ‘डायमंड क्वीन’ची नायिका मुंबईत शिकून आपल्या गावी परतते आणि तिथल्या गुंडांना व लाचखोरांना आव्हान देते. स्त्रीशिक्षण, स्त्रीस्वातंत्र्य, साक्षरता यांचा पुरस्कार जमशेद अशा कथांत बेमालूम पेरत. त्या काळात स्त्रियांच्या दुःखावर उत्तम चित्रपट निघत होते. पुण्याच्या प्रभातने १९३७ मध्ये ‘कुंकू’ काढला आणि जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध नीरेला उभे केले. नीरेचे बंड विचारांचे होते, नादियाचे मनगटाचे. सुशिक्षितांनी पहिल्याला डोक्यावर घेतले आणि दुसऱ्याला पिटातल्या लोकांचा तमाशा म्हणून नाक मुरडले. नादियाची कीर्ती अशी कायम खालच्या दराच्या तिकिटांवर उभी राहिली.

ही अप्रतिष्ठा वाडियांच्या संस्थेलाही सलत असावी. १९४१ मध्ये जमशेद यांनी साधना बोस या नर्तिकेला घेऊन ‘राजनर्तकी’ हा भारदस्त चित्रपट काढला. इंग्रजी आवृत्तीचे नाव होते ‘कोर्ट डान्सर’. दोघा भावांत चित्रपटांच्या धोरणावरून मतभेद झाले, वाटा वेगळ्या झाल्या. वाडिया मुव्हीटोनचा परळचा स्टुडिओ गेला आणि प्रभात सोडून आलेल्या व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये त्याच जागी राजकमल कलामंदिर उभे केले. मराठी चित्ररसिकांना जिव्हाळ्याच्या असलेल्या राजकमलच्या आवारात एकेकाळी हंटरवालीचा घोडा दौडला होता, ही आठवण आज किती जणांना असेल? होमी यांनी बसंत पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली आणि १९४३ मध्ये ‘हंटरवाली की बेटी’ घेऊन नादिया परतली. प्रेक्षक तिला विसरले नव्हते. चित्रपट चालला आणि नवी संस्था पायांवर उभी राहिली.

पडद्यामागची प्रतीक्षा

सुपरहिरोच्या गोष्टीत दोन आयुष्ये असतात. एक जगापुढचे, दुसरे लपवलेले. नादियाच्या बाबतीत पडद्यावरचे धाडस जगजाहीर होते आणि खासगी आयुष्य पडद्याआड. होमी वाडिया आणि ती यांचा स्नेह एकत्र काम करता करता प्रेमात बदलला होता. पण होमींच्या आईला ही परधर्मीय, सिनेमात काम करणारी, एका मुलाची आई असलेली सून मान्य नव्हती. जमशेद यांचा विरोध नव्हता. तरीही होमींनी आईचे मन मोडले नाही आणि नादियानेही त्यासाठी त्यांना सोडले नाही. दोघे थांबले. एक-दोन वर्षे नव्हे, दोन दशकांहून अधिक काळ. आईच्या निधनानंतर १९६१ मध्ये त्यांचा विवाह झाला तेव्हा नादिया त्रेपन्न वर्षांची होती आणि होमी पन्नाशीत.

पडद्यावर राजाचे राज्य उलथवणाऱ्या या स्त्रीला वास्तवात एका घराच्या उंबरठ्याशी इतकी वर्षे ताटकळावे लागले. तिथे चाबूक कामाचा नव्हता. टपावरून उडी मारण्यापेक्षा ही प्रतीक्षा कदाचित अधिक धैर्याची असेल. ज्या समाजाने तिच्या निर्भयतेवर शिट्ट्या वाजवल्या, त्याच समाजाला तशी निर्भय सून घरात नको होती. पडद्यावरची नायिका आणि घरातली स्त्री यांना मोजण्याच्या आपल्या फूटपट्ट्या वेगळ्या होत्या, आणि त्या पुरत्या बदलल्या आहेत असे आजही छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्रपटांचे वारे बदलले. संगीतप्रधान सामाजिक चित्रपटांचा जमाना आला. नायिका झाडांभोवती गाणी म्हणू लागली आणि हाणामारी नायकाकडे गेली. होमींनी पौराणिक आणि अद्भुतरम्य चित्रपटांत यश मिळवले. त्यांचा ‘हातिमताई’ (१९५६) गाजला. ‘शेर-ए-बगदाद’ (१९४६), ‘सर्कस क्वीन’ (१९५९) असे काही चित्रपट करीत नादिया हळूहळू बाजूला झाली. १९६८ मध्ये ‘खिलाडी’ या हेरपटात, वयाच्या साठीत, ती अखेरची पडद्यावर आली.

उशिरा आलेली दखल

नंतर विस्मरणाची बरीच वर्षे गेली. १९८० मध्ये माथेरानला जन्मलेले नाटककार गिरीश कार्नाड यांनी आपल्या बालपणावर तिने घातलेल्या मोहिनीविषयी जिव्हाळ्याने लिहिले आणि अभ्यासकांचे लक्ष तिच्याकडे वळले. १९९३ मध्ये जमशेद यांचा नातू रियाद वाडिया याने ‘फिअरलेस : द हंटरवाली स्टोरी’ हा माहितीपट केला. तो परदेशांतल्या महोत्सवांत गेला आणि मुंबईच्या पिटातल्या या राणीला जगाने चकित होऊन पाहिले. जर्मनीत डोरोथी वेनर यांनी तिचे चरित्र लिहिले. हे कौतुक तिच्या हयातीत सुरू झाले, एवढे समाधान मानायचे. अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस उलटल्यावर दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारी १९९६ रोजी, मुंबईत तिचे निधन झाले. होमी वाडिया २००४ मध्ये गेले.

२०१७ मध्ये हॉलिवूडचा ‘वंडर वूमन’ जगभर गाजला. स्त्री सुपरहिरोचा चित्रपटही गर्दी खेचू शकतो, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. त्याच वर्षी हिंदीत आलेल्या ‘रंगून’मधील चाबूकधारी नायिकेवर नादियाची छाया होती. पुढल्या वर्षी तिच्या एकशे दहाव्या जयंतीला गुगलने आपल्या मुखपृष्ठावर तिचे चित्र झळकवले. ८ जानेवारीच्या त्या दिवशी अनेक तरुणांनी तिचे नाव प्रथमच ऐकले असेल.

वास्तविक नवल वाटण्याचे कारण नव्हते. बाईच्या हाती न्यायाचा चाबूक दिला तर लोक तिकीट काढून येतात, हे ग्रँट रोडच्या प्रेक्षकांनी १९३५ मध्येच सिद्ध केले होते. चित्रपट काढणाऱ्यांनीच पुढे तो चाबूक तिच्या हातून काढून घेतला आणि तिच्या हाती आरतीचे तबक दिले. नादियाने मुखवटा घातला तो पडद्यापुरता. नाव, केस आणि माणूस या तिन्ही बाबतींत तिने स्वतःची निवड सोडली नाही. तेव्हा यापुढे एखाद्या करारी स्त्रीला कुणी हंटरवाली म्हटले, तर तिने रागावू नये. ती पदवी मोठ्या कष्टाने मिळवलेली आहे.